हैबतीची गाडी आणि गोदाचे रांजण

घाटमाथ्यावर आडमाथा नावाचं गाव होतं, आणि त्या गावात हैबती नावाचा सुतार राहत होता. बैलगाड्या करण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. त्याची गाडी भरली की पुढे झुकायची नाही आणि मागेही कलायची नाही. जू बैलांच्या मानेवर इतकं हलकं टेकायचं, की गाडीवानाने ते एका हाताने उचलावं. लोक म्हणायचे, हैबतीच्या गाडीला जुंपलं की बैलांना वाटतं, आज आपल्याला सुट्टी आहे.

मुक्या जनावरांची त्याला दया होती, हे अगदी खरं. लहानपणी त्याने वडलांच्या बैलाच्या मानेला जुवाच्या भाराने आवाळू आलेलं पाहिलं होतं. तेव्हाच त्याने मनाशी गाठ बांधली, की आपल्या गाडीचं ओझं कोणाच्या मानेवर येऊ द्यायचं नाही.

मात्र स्वतःच्या मानेवरही तो काही येऊ देत नसे. चाक कुरकुरलं, तर वंगण घालणारा आळशी. फळी तडकली, तर झाडच वाईट. गाडी चिखलात रुतली, तर बैलांना पोटभर घातलं नव्हतं. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण त्याला ठाऊक होती. पण ती इतरांसाठी असते, अशी त्याची समजूत होती.

पुढे दिवस बदलले. बैल गेले, ट्रॅक्टर आले. हैबतीच्या नामांकित गाड्यांवर परड्यात कोंबड्या बसू लागल्या. गावात कोणी कोणी जुन्या, छोट्या मोटारीही घेतल्या. हैबती दाराच्या चौकटी आणि देव्हारे करून दिवस काढू लागला. हातात कला आणि समोर चौकट, अशी त्याची गत झाली.

एके दिवशी गोदा कुंभारीण त्याच्या दारात आली. तिचा नवरा चाकावर भांडी घडवायचा आणि गोदा ती भाजून विकायची. दोघांनी एक जुनी मोटार घेतली होती. पण मागची बैठक काढूनही तिच्यात थोडे माठ जेमतेम मावायचे. मोठे रांजण तर दारातूनच आत जायचे नाहीत. आणि एवढ्याशा मालासाठी घाट चढून वर यायला टेम्पोवाले तयार नव्हते.

गोदा म्हणाली, "तात्या, मोटारीच्या मागं जोडता येईल अशी गाडी करून द्या. आखितीच्या बाजाराला माझे रांजण खाली पेठेत गेले पायजेत. ह्या बारीला न्हाई गेले, तर चाक बंद करून आम्हा दोघांना वीटभट्टीवर जावं लागंल."

हैबती म्हणाला, "रांजणांची गाडी वर्षातनं किती दिस चालंल?"

"म्हणून तर नुसती रांजणांची नको. बाकीच्या दिवशी गावाला कामी आली पायजे. मोटारी काय, आता चार घरी हायत."

हैबतीचे डोळे चमकले. फार दिवसांनी कोणीतरी त्याच्याकडे गाडी मागत होतं.

बातमी फुटली आणि जो तो सल्ला द्यायला आला. शेळ्यावाल्याला पिंजरा हवा होता. मांडववाल्याला खुर्च्यांसाठी घोडी हवी होती. भाजीवाल्याला खण हवे होते. सगळ्यांचं ऐकलं असतं, तर मोटारीला मागे घरच ओढावं लागलं असतं. हैबतीने सगळ्यांना चहा पाजला आणि कोणाचंच ऐकलं नाही. त्याने तळ पूर्ण मोकळा ठेवला. कडेने नुसती भोकं पाडली आणि त्यांत बसतील असे खुंट केले. खुंटांत फळ्या सरकवल्या की शेळ्यांचा पिंजरा होई. फळ्या काढल्या की खुर्च्या रचता येत. कमानी लावून वर ताडपत्री टाकली की धान्याला छप्पर मिळे. भांड्यांसाठी सुंभाची जाळी होती. मागची मोठी फळी खाली पाडून तिला पाय लावले, की बाजारात माल मांडायला टेबल तयार. त्या फळीवर तर हैबतीचा फारच जीव जडला. त्याने ती चांगली जाड सागवानी घातली.

चाकं जुन्या मोटारीची होती. मोटारीला अडकवायचा आकडा गावच्या वेल्डरने जोडून दिला. चाकांचा आख मात्र हैबतीने स्वतः बसवला, बरोबर मधोमध. आयुष्यभर त्याने तो असाच बसवला होता.

गावाने त्या गाडीला लोढणं असं नाव ठेवलं. पण लोढण्यातून चारा आला, मांडवाच्या खुर्च्या आल्या, शेळ्या तर ऐटीत उभ्या राहून आल्या, तेव्हा चेष्टा करणारेच आपली पाळी कधी म्हणून विचारू लागले. सपाटीवर, हळूहळू, गावातल्या गावात गाडी झकास चालत होती.

अक्षय्यतृतीयेच्या आधीचा बाजार उजाडला. रांजण हैबतीने स्वतः भरले. एक पुढे ठेवला की एक मागे. शेवटी ती सागवानी फळी आणि तिचे पाय मागे बांधले. मग त्याने आकड्याखाली एक बोट घातलं आणि पुढचा दांडा वर उचलून दाखवला.

"बघ गोदे. एका बोटानं उचलतंय. मागं काय हाय, हे तुझ्या मोटारीला कळायचं सुदिक न्हाई."

गोदा चालवायला बसली. हैबती तिच्या शेजारी बसला. अजून कच्ची भांडी भाजायची होती, म्हणून नवरा दुसरी भट्टी लावायला घरीच राहिला.

उतार लागला आणि मोटारीने वेग घेतला. मागची गाडी किंचित हलली. मग ती कुत्र्याच्या शेपटीसारखी डावी-उजवीकडे झोके खाऊ लागली. प्रत्येक झोक्याला मोटारीचा मागचा भाग तिच्याबरोबर ओढला जाऊ लागला. एका बाजूला कडा होता आणि दुसऱ्या बाजूला दरी. हैबतीने डोळे मिटले. गोदाने मिटले नाहीत. तिने एकदम ब्रेक दाबला नाही, पाय उचलला आणि स्टिअरिंग घट्ट सरळ धरून ठेवलं. मागची गाडी एकदा कड्याला घासली, दोन झोके खाऊन मंदावली आणि थांबली.

गोदाने मागे वळून पाहिलं. सुंभाच्या जाळीत रांजण जागच्या जागी होते. दोघांचा जीव भांड्यात पडला.

जीव जागेवर येताच हैबतीची जीभही जागेवर आली. तो म्हणाला, "रस्ताच वाईट हाय."

गोदाने हातब्रेक ओढला.

"तुझी मोटारच हलकी हाय."

गोदाने मोटार बंद केली.

"आन तू जोरात घेतलीस."

तेव्हा ती त्याच्याकडे वळली. "तात्या, चूक कुणाची ते मागनं बघू. आधी खाली कसं जायाचं ते सांगा."

दोष कोणाला द्यायचा हे हैबतीला नेहमी लगेच सुचायचं, पण पुढे काय करायचं ते सुचेना.

गोदा उतरली आणि भांडी वाजवून पाहू लागली. पुढचे रांजण खणखणीत वाजले. मागच्या टोकाच्या एका रांजणाचा आवाज बद्द आला. तो तडकला होता. मागच्या टोकाला धक्के जास्त बसतात, हे तिने ओळखलं. तिने जाळी सोडली आणि जड रांजण मागून काढून पुढे रचायला सुरुवात केली. मागच्या बाजूला हलके माठ ठेवले. ती सागवानी फळीसुद्धा तिने पुढे आणली.

हैबती ओरडला, "अगं पुढं नको! जुवावर वजन यील!"

"तात्या, ह्ये जू न्हाई. आन मोटारीला मान कुठाय?"

ज्या मानेची हैबतीने जन्मभर काळजी घेतली, ती मान इथे नव्हतीच. बैलाची दया त्याने लोखंडाला दाखवली होती.

मोटारीचा मागचा भाग थोडा खाली दबला. गोदाने देवाचं नाव घेऊन मोटार अगदी सावकाश सोडली. पुन्हा वळण आलं, पुन्हा उतार आला. मागची गाडी गायीमागून वासरू यावं तशी निमूट येत होती. हैबती मान वळवून वळवून तिच्याकडे पाहत होता. त्याच्या आता ध्यानात आलं. बैलगाडीला दोन बाजूंनी दोन जिवंत माना असतात. गाडी कलली की बैलांना कळतं आणि ते तिला सावरून घेतात. मोटारीने तर मागच्या गाडीला एकाच ठिकाणी धरलेलं. तिथे थोडा भार दाबून बसला नाही, तर मागचं शेपूट मोकाट सुटणारच. त्यात आपण हौसेने जाड केलेली फळी नेमकी मागच्या टोकाला बांधली होती.

पेठेत पोचल्यावर फळीला पाय लागले, टेबल झालं आणि रांजण मांडले गेले. लोक रांजणांइतकेच गाडीभोवती जमले. गोदाचे रांजण भराभर उचलले जाऊ लागले. वीटभट्टी आता लांब राहिली, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

गर्दीत रतनशेठ होते. ते पेठेतले आडते. त्यांच्या ओळखीच्या कितीतरी लोकांकडे छोट्या मोटारी होत्या. त्यांनी खुंट उपसून पाहिले, फळ्या सरकवून पाहिल्या, आणि म्हणाले, "मिस्त्री, आहे तश्शीच गाडी आम्हाला करून द्या. एक नको, पुष्कळ लागतील. घाटात काही त्रास नाही ना झाला?"

घाटात काय झालं, ते तिसऱ्या कोणी पाहिलं नव्हतं. गोदा एका म्हातारीला माठ वाजवून दाखवत होती. तिने एकदा हैबतीकडे पाहिलं आणि पुन्हा माठ वाजवू लागली. हैबतीच्या दारात पुन्हा गाड्या उभ्या राहणार होत्या. त्यासाठी एकच शब्द पुरे होता. उद्या कुठे काही बिनसलं असतं, तरी रस्ता, मोटार आणि चालवणारा, तिघं दोष घ्यायला हजर होतेच.

पण हैबतीच्या डोळ्यांपुढून दरी हलेना. तो म्हणाला, "शेठ, ही गाडी चुकलेली हाय. आज घाटात ह्या पोरीचा जीव गेला असता, आन माझाबी. रस्ता चांगला होता. मोटार चांगली होती. चालवणारी तर लई चांगली होती. आख मी चुकीच्या जागी बसवला. दुरुस्त केल्याबिगर मी अशी दुसरी गाडी करणार न्हाई."

रतनशेठ म्हणाले, "बरं, मग बघू." आणि ते निघून गेले. कोणीतरी पुटपुटलं, की शेठ आता वळणावरच्या, अशाच गाड्या करणाऱ्या कारखान्यात जाणार. घरी चालत आलेल्या लक्ष्मीला म्हाताऱ्याने परत धाडलं, असंही कोणी म्हणालं.

हैबती मोटारीच्या सावलीत जाऊन बसला. जन्मात पहिल्यांदा त्याच्या मानेवर काहीतरी आलं होतं, आणि ते जड होतं. पण नवल असं, की सकाळपासून छातीत चाललेली धडधड मात्र थांबली होती. गोदाने न विकलेल्या माठातलं पाणी त्याला तांब्यात आणून दिलं.

ती म्हणाली, "तात्या, तुम्ही बोलला न्हाईसा, तर मी बोलणार होते. पर मला वाटत होतं, तुम्हीच बोलावं."

हैबतीने पाणी पिऊन तांब्या परत दिला. "बरं झालं थांबलीस," तो म्हणाला.

परतताना गाडीत गावकऱ्यांनी सांगितलेला माल होता. पेंडीची पोती, चाऱ्याच्या पेंढ्या आणि कोणाच्या तरी लेकीची लोखंडी पेटी. गोदाने विचारलं, "जड कुठं ठेवू?"

"पुढं," हैबती म्हणाला. "थोडं ओझं पुढं पायजेच."

घाट चढताना गोदाने शेजारी पाहिलं. उतरताना दाराची मूठ घट्ट धरून बसलेला हैबती आता मान टाकून चक्क घोरत होता. मागची गाडी सरळ येत होती.

घरी येताच त्याने आख उखडला आणि थोडा मागे सरकवला. जाड फळी काढून पातळ घातली. आणि गाडीच्या पुढच्या बाजूला, जिथे जड माल ठेवायचा तिथे, त्याने बैलाचं तोंड रंगवलं. भार इथे घ्यायचा, हे ज्याला वाचता येत नाही, त्यालाही कळायचं. मग भरल्या गाडीनिशी तो स्वतः गोदाबरोबर पुन्हा घाट उतरला आणि चढला, मनाचं समाधान होईपर्यंत.

काही दिवसांनी रतनशेठ आडमाथ्याला हजर झाले.

हैबती म्हणाला, "शेठ, तुम्ही तर वळणावरच्या कारखान्यात गेला होता."

"गेलो होतो. तिथे विचारलं, ह्या गाडीत काय चुकू शकतं? ते म्हणाले, आमच्या गाडीत काहीच चुकत नाही. म्हणून इकडे आलो."

तेव्हापासून हैबतीच्या दारात पुन्हा गाड्या उभ्या राहू लागल्या. कोणी येऊन म्हणालं, चाक कुरकुरतंय, की हैबती हातातलं काम ठेवून उठायचा आणि म्हणायचा, "बघू, माझंच काय चुकलं आसंल." पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा तो मनुष्य इतका चकित झाला, की आपण स्वतःच वंगण घालायला विसरलो होतो, हे त्याने आपणहून सांगून टाकलं.

तात्पर्य: आपल्या चुकीचा भार जो आपल्या मानेवर घेतो, त्याच्या मागून येणारे सुखरूप येतात; आणि जो हा भार झटकून मोकळा होतो, त्याच्या मागचं सगळंच झोके खातं.