वाघाच्या वाटेवरचा गडगा

"मग तो आत इलो खंयसून, बुवा?"

बाबल्या धुरी तावातावाने विचारत होता. रामजीबुवा वाघोबाच्या देवळीसमोरचा पाचोळा झाडत होते. लहानपणी बाबल्याला भजनं शिकवली ती त्यांनीच, त्यामुळे त्याच्या आवाजाला बिचकणाऱ्यांतले ते नव्हते.

गाव म्हणजे समुद्रात घुसलेली जमिनीची जीभ. तिन्ही अंगांना उभे कडे आणि पाणी, चौथीकडे बैलगाडी जाईल एवढी चिंचोळी वाट. बिबट्या, ज्याला इथे सगळे वाघच म्हणतात, तिथूनच यायचा. यंदा बाबल्याने गाव गोळा करून त्या वाटेवर दोन पुरुष उंच चिऱ्यांचा गडगा घातला. वर काटेरी तार, माणसांपुरतं लोखंडी फाटक, त्याची चावी बाबल्याकडे. मग बरेच दिवस स्वारी मिशीला पीळ देत हिंडली.

पण शेळ्या जातच राहिल्या. उलट जास्तच. काल बाबल्याची पाडी गेली. गोठ्यात आता एकटी चंद्री गाय उरली होती, भरल्या दिवसांची.

"समुद्रातसून पोहान इलो काय?"

"इलोच नाय."

"मगे?"

"गेलोच नाय, बाबल्या."

बाबल्याच्या तोंडचं पाणी पळालं. गडगा पुरा झाला त्या दिवशी वाघ कुठल्या अंगाला आहे, हे कोणी पाहिलंच नव्हतं.

तो तिथेच खाली बसला. त्याला लहानपणची वाघबारस आठवली. तेव्हाचा गडगा कमरेएवढा, मध्ये मुद्दाम सोडलेली फट. आई तिथे पानावर खीर ठेवायची. पोरांतला एक वाघ व्हायचा, आणि सगळा गाव हाकारे घालत त्याला फटीतून पलीकडे पिटाळायचा. बाबल्याही एकदा वाघ झाला होता. पलीकडच्या रानात लपून आईची हाक ऐकताना केवढं सुख वाटलं होतं!

"आवशीक तेवा भय नाय वाटायचा, बुवा?"

"वाटायचा तर! म्हणान खीर ठेयी."

बुवांनी हात पुढे केला.

"चावी दी."

बाबल्याने करगोट्याची चावी सोडली. पण मूठ काही उघडेना.

"आणि उद्या परत इलो तर? माझी चंद्री…"

बुवा त्याच्या मुठीकडे बघत राहिले.

"येंवदे. इलेलो जाता तरी."