वर कोंबड्या, खाली मासे

“आणि खाली पडतं, त्याचं काय?” लतीफबाबांनी विचारलं.

केवळराम याच प्रश्नाची वाट पाहत होता. आपल्या तळ्यावर बांबू रोवून त्याने कोंबड्यांची शेड उभारली होती, आणि फकिरांच्या तकियात राहणाऱ्या आपल्या म्हाताऱ्या गुरूला आज ती हौसेने दाखवायला आणलं होतं.

“ते मासे खातात, बाबा. वर कोंबड्या, खाली मासे. माझ्याकडे काही वाया जात नाही.”

“आजारी पडत नाहीत?”

“पडू देतो का? पिल्लू आलं की औषध सुरू. माणसाला देतात तेच.” त्याने शेडजवळच्या निळ्या टाकीवर थाप मारली. टाकीतून नळीने आत पाणी जात होतं. सांडलेलं पाणी फळ्यांच्या फटीतून तळ्यात टिपकत होतं. “लोक रोग आल्यावर धावतात. मी आधीच दार लावून घेतो.”

“न आलेल्या रोगावर औषध... हुशार आहेस.”

“तुमचाच चेला.”

“ते माझ्यावर नको ढकलूस.”

केवळराम मोठ्याने हसला. तेवढ्यात फोन वाजला.

दवाखान्यातून धाकटा भाऊ बोलत होता. याच तळ्यात जाळं ओढताना त्यांच्या वडिलांच्या पायात माशाचा काटा घुसला होता. जखम चिघळली, ताप उतरेना. जखमेतल्या पुवाच्या तपासणीचा अहवाल आज आला होता.

केवळरामने फोन खिशात ठेवला.

“काय म्हणतात?”

“जंतू औषधाला जुमानत नाहीत म्हणे. कोणकोणती चालत नाहीत, ती नावं सांगितली...” तो टाकीकडे बघत होता. “त्यातलं एक तर मीच हिच्यात टाकतो.”

बाबा वाकले. फटीतून पडणाऱ्या धारेखाली त्यांनी ओंजळ धरली.

“मी सगळ्यांना जगवायलाच देत होतो, बाबा.”

“काही वाया जात नाही म्हणालास ना...”

ओंजळ भरली. पाणी बोटांवरून तळ्यात ओघळू लागलं.

केवळरामने मान ताठ केली. “मला काय कमी आहे? आजच वडिलांना नागपूरला हलवतो. सगळ्यात जबर औषध असेल ते द्यायला लावतो.”

तो तरातरा मोटारसायकलकडे गेला. किक मारली.

बाबा तिथेच उभे होते, ओंजळ तशीच धरून.

“केवळ...”

“बोला, बाबा. लवकर.”

“टाकीची तोटी चालूच राहिली आहे.”