दोरीच्या आतला समुद्र

नवऱ्याला सुट्टी मिळाली तशी वत्सला दोन्ही पोरांना घेऊन कोकणात आली. उतरायला गावातल्या एका घराची माडी, खायला घरून आणलेल्या दशम्या. फुकट होता तो फक्त समुद्र, आणि पोरं त्याच्यासाठीच वर्षभर झुरली होती.

वाळूच्या किल्ल्याचा पहिला बुरूज उभा राहतोय तोच शेजारच्या रिसॉर्टचे मालक दादासाहेब खानोलकर चांदीच्या मुठीची काठी टेकत आले.

"बाई, आमच्या पाहुण्यांसमोर हे दशम्यांचं बिऱ्हाड नको. आम्ही बांधलेल्या या दोरीच्या आतला किनारा आमचा आहे. तुम्ही तिकडे खडकांवर बसा."

"खडकांवर पोरं घसरतील हो," नवरा पुटपुटला आणि मुकाट्याने चटई गुंडाळू लागला. धाकटीने भोकाड पसरलं.

वत्सलाने हात जोडले. "किनारा तुमचा का? बरं झालं भेटलात. काल भरतीने इथूनच हिची नवी चप्पल नेली. तेवढी भरून द्या."

दादासाहेब उसळले. "भरतीला मी जबाबदार? पाणी येतं तिथवर माझा काय संबंध? ती जागा समुद्राची!"

खुर्च्यांवरचे पाहुणे कान टवकारून ऐकत होते. वत्सलाने नुसतं बोट दाखवलं. कालच्या भरतीने टाकलेल्या शेवाळाची ओळ रिसॉर्टच्या खुर्च्या-छत्र्यांच्याही मागे वाळत पडली होती.

"मग समुद्राच्या जागेत तुम्हीही पाहुणे, आम्हीही पाहुणे. बसा दादासाहेब, दशमी घ्या. फक्त काठी जपून ठेवा, पोरांचा किल्ला मोडेल."