आखूड हातांची तानूमाय

राजांची नावं लिहून ठेवायची पद्धतसुद्धा जेव्हा नव्हती, तेव्हाची ही गोष्ट आहे. डोंगराच्या पायथ्याशी ज्वारी पिकवणारं एक गाव होतं, आणि त्या गावाची एक रीत होती. पेरणीचं सगळं बी एकाच बाईने निवडायचं. तिच्या सुपात दुसऱ्या कोणी हात घालायचा नाही.

ती बाई म्हणजे तानूमाय. चाळीस वर्षं गावाची पेरणी तिच्या नजरेवर चालली होती. किडका दाणा तिच्या सुपातून कधी सुटला नव्हता, आणि तिला त्याचा गर्वही थोडा होताच.

पुढे तानूमायचं वय झालं. मांडीवरचं सूप गुडघ्यावर गेलं, गुडघ्यावरून समोरच्या ओट्यावर गेलं. मग ती दाणे तळहातावर घेऊन हात लांब करून बघू लागली, आणि एक दिवस हातही पुरेना.

"डोळे ठणठणीत आहेत माझे," ती म्हणायची. "हे मेले हातच आखूड पडायला लागलेत."

लोक हसायचे, तीही हसायची. पण हसण्याने का दाणे निवडले जातात?

त्या वर्षी शेतात ठिकठिकाणी रोपं उगवलीच नाहीत. पुढच्या वर्षी तर अर्धी शेतं टकली दिसायला लागली. तानूमायवर संशय घ्यायचं कोणाच्या मनातही आलं नाही. पेरणीच्या पाभरीच्या मागे चालत मुठीतून बी सोडायचं काम येसूचं होतं. तिला मागे-पुढे कोणी नव्हतं. तेव्हा सगळ्यांनी तिलाच धरलं.

"हिच्या हाताला गुण नाही," पंच म्हणाले. "यंदा हिने बियाण्याला शिवायचं नाही."

येसू रडत तानूमायकडे आली. "माय, तुम्ही तरी सांगा त्यांना. मी मूठ नीट सोडते हो. बारा वर्षं सोडतेय."

लांबचं तानूमायला अजून लख्ख दिसायचं. दारातून ती टकली शेतं तिला रोज दिसत होती. खरं काय ते ती मनात समजून होती. पण चाळीस वर्षांचं नाव जायचं म्हणजे काय! "बघू," एवढंच ती म्हणाली, आणि येसू डोळे पुसत परत गेली. मला तर तानूमायचा तेव्हा फार राग येतो.

त्याच आठवड्यात भिंगं घासणारा एक कारागीर गावातून चालला होता. त्याचा बैल लंगडायला लागला म्हणून तो तानूमायच्या अंगणात थांबला. तिने बैलाला कडबा घातला, त्याला भाकरी दिली. हात लांब करून दाणे बघणारी म्हातारी त्याने दोन दिवस पाहिली, आणि निघताना दोरी लावलेली दोन भिंगं ओट्यावर ठेवली.

"उसन्या डोळ्यांनी बी निवडू होय?" तानूमाय भडकली. "गाव काय म्हणेल?"

"नाही पटलं तर फेकून द्या, माय," तो म्हणाला आणि बैल हाकत गेला.

भर दुपारी तानूमायने दार लावलं, खिडकी उघडली आणि भिंगं डोळ्यांवर बांधली. सुपातून एक दाणा उचलला.

केवढा तो दाणा! मोत्यासारखी त्याची कांती, आणि बुडाशी लेकराला लावावी तशी काळी तीट. कोणी बरं लावली असेल एवढ्याशा दाण्याला? तिने दुसरा घेतला, त्यालाही तीट. सुपातल्या एकेका दाण्याला तीट होती. तिने स्वतःचा तळहात पाहिला. त्यावरच्या रेषा नांगरलेल्या रानासारख्या दिसत होत्या. तिचे हात आपोआप जोडले गेले.

"अगं बाई, हे सगळं इथंच होतं!"

आणि मग तिला ते भोक दिसलं. सुईच्या टोकाएवढं. त्यातून इवलीशी सोंड हलवत किडा बाहेर आला. पुढच्या दाण्याला भोक, त्याच्या पुढच्यालाही. आणि हे सूप तर तिने कालच निवडून ठेवलेलं होतं.

तानूमाय खूप वेळ रडली. मग तशीच, भिंगं न काढता, सूप घेऊन चावडीवर गेली. पोरं हसली, बायकांनी तोंडाला पदर लावला.

"हसा," ती म्हणाली. "ह्या काचांशिवाय मला जवळचं दिसत नाही. दोन वर्षं मी किडकं बी दिलं, आणि शिक्षा येसूला झाली. तिचा हात चांगला आहे. दोष माझा आहे. येसू, ये इथं. घाल सुपात हात, माझं चुकेल ते तू काढ."

"पण माय, रीत?" पंच चाचरले.

"रीत माझ्या नजरेवर विसंबून होती, बाबांनो. नजर म्हातारी झाली."

दोघींनी मिळून सगळं बी पुन्हा निवडलं. येसूनेच मूठ सोडली. आठव्या दिवशी तानूमाय बांधावर उभी राहिली. तिने भिंगं काढली, तर डोंगरापर्यंत कोवळ्या हिरव्या ओळी गेलेल्या, कुठे खंड नाही. मग भिंगं बांधून ती खाली वाकली आणि एका कोंबावरचं दव कितीतरी वेळ बघत राहिली.

"काय बघताय, माय?" येसूने विचारलं.

"तू पेरलेलं," तानूमाय म्हणाली.

तात्पर्य: वय झालं की नजर कमी होणारच, त्यात लाज नाही, पण ते लपवलं तर त्याची शिक्षा दुसऱ्याला भोगावी लागते.