आधी येसूचा दिवा

माडबंदरला येणारे पाहुणे इंग्रजांनी बांधलेलं दीपगृह बघतात, जुन्या जकात कचेरीच्या कमानीखाली फोटो काढतात आणि परत जातात. दीपगृहाच्या बरोबर खाली, लाटांच्या तोंडाशी, काळ्या दगडाचा एक बुटका खांब आहे. त्याच्याकडे कुणी वळूनही बघत नाही. माझं कळकळीचं सांगणं आहे, आधी तोच बघा. जवळच म्हातारे दाजी कांदळकर जाळं विणत बसलेले असतात. त्यांनी सांगितलेली ही हकीकत.

दीपगृह नवं होतं तेव्हा भिकाजी नावाचा माणूस तिथला दिवा सांभाळायचा. घर खाली धक्क्याजवळ. बायको येसू, मच्छीमारांच्या घरातली. भिकाजी दुपारपासून वर. भिंग पुसायचं, वात कातरायची, पुन्हा भिंग पुसायचं. घरी आला तरी तोंडात दिव्याचंच कौतुक. विहिरीवरच्या बायका संध्याकाळी वर बोट दाखवत, "येसू, सवत नटली गो तुझी!"

"तिचा तोंड रोज पुसतंस," तिने एकदा नवऱ्याला विचारलंच, "माझ्याकडे कधी बघलंस?"

"अगो, ती सरकारची," भिकाजी हसला.

"मगे घरात तिचाच नाव कित्याक?"

कार्तिकातल्या एका संध्याकाळी अवेळी पाऊस आला. येसूने अंगणात तांब्याच्या घंगाळात उंडीचं तेल ओतलं, काथ्याची जाड वात केली आणि पेटवली. ज्वाळा अशी उठली म्हणे, की वरचा दिवा फिका पडला. भिकाजीने एकदा तरी खाली बघावं, एवढंच तिला हवं होतं.

बघितलं ते समुद्रावरच्या होड्यांनी. पावसात त्यांना तोच दीपगृहाचा दिवा वाटला. त्या त्याच्या रोखाने वळल्या आणि पहिली होडी खडकावर फुटली. ती येसूच्या भावाची होती, सुभानाची. येसूने त्याची हाक ओळखली.

दिवा विझवावा, तर पाण्यातल्या भावाला किनारा दिसणार नाही. ठेवावा, तर मागच्या होड्याही फुटणार. इथले लोक होडी बंदरात आणताना दोन खुणा एका रेषेत धरतात. दिवसा देवळाचा कळस आणि त्यामागचा उंच माड. हे येसू लहानपणापासून बघत आलेली. तिने जळतं घंगाळ दोन्ही हातांनी उचललं, दीपगृहाखालच्या खडकाकडे धावली आणि कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली. समुद्रावरून दोन दिवे एकाखाली एक दिसले. होड्यांनी ती रेषा धरली. त्यांतल्याच एकीने सुभानाला वर ओढून घेतलं. शेवटची होडी धक्क्याला लागेपर्यंत येसूने घंगाळ सोडलं नाही, असं सांगतात. तिचे हात कायमचे गेले.

गोऱ्या साहेबाने तिथे खांब बांधला, त्यावर दिव्याची जागा केली आणि येसूला पगार देऊ केला.

"पगार नको," ती म्हणाली. "माझो दिवो आधी लागतलो. मगे तिचो."

तिला तर काडीही धरवत नव्हती. म्हणून रोज भिकाजीने खाली यायचं, तिच्यासमोर बसून काच पुसायची, वात लावायची आणि मगच वर चढायचं.

वरचा दिवा आता विजेवर चालतो. पण आजही कळ दाबण्याआधी तिथला कर्मचारी, मग तो कुठल्याही मुलखातला असो, खाली येऊन खांबावरची वात स्वतःच्या हाताने लावतो. त्याला उशीर झाला, तर धक्क्यावर मासळी निवडणाऱ्या बायका वर बघून ओरडतात,

"मेल्या, आधी घरच्या बायलेक बघ!"