पलीकडच्या कड्यावरचं वलय

एकदा एक तरुण आई आपल्या वृद्ध गुरूंबरोबर डोंगर चढत होती. पोटाशी बांधलेल्या झोळीत तिचं तान्हं बाळ होतं.

त्या मुलखाची रीत अशी, की उष्टावणाआधी बाळाला देवकड्यावर न्यायचं. पावसाळा सरता सरता तिथली दरी ढगांनी भरते. सकाळचं ऊन पाठीवर घेऊन कड्यावर उभं राहिलं, की आपली सावली त्या ढगांवर पडते आणि तिच्या मस्तकाभोवती सप्तरंगी वलय उमटतं. ज्या बाळाभोवती ते दिसेल, ते दीर्घायुषी होतं, अशी लोकांची श्रद्धा. ही आई शिकलेली होती. असल्या गोष्टींवर तिचा विश्वास नव्हता. पण बाळ नुसतं शिंकलं तरी तिचा डोळ्याला डोळा लागत नसे. त्यामुळे विश्वास नसलेल्या गोष्टीही ती एकेक करून उरकून घेत असे. न जाणो.

वाट जिथे फुटते, तिथे एक व्यापारी खाली उतरताना भेटला. त्याचा चेहरा नुसता फुलला होता.

"गुरुजी, एवढ्या गर्दीत देवानं मलाच हेरलं. वलय नेमकं माझ्याच डोक्याभोवती. बाकीच्यांच्या नुसत्या काळ्या सावल्या."

"शेजाऱ्याला विचारलंत का, त्याला काय दिसलं?"

"विचारायचं कुठलं? मागून धक्के, पुढे सरका म्हणून आरडाओरडा. आपलं पाहिलं आणि निघालो."

गुरू मंद हसले, आणि देवकड्याची रुंद वाट सोडून सरळ कारवीच्या रानात शिरले.

"गुरुजी, कडा तिकडे आहे," ती म्हणाली.

"इकडेही एक आहे."

"नाव काय त्याचं?"

"गुराखी त्याला पलीकडचा म्हणतात."

"तिथे कुणी येतं का?"

"गुरं येतात."

देव येतो का, हे विचारायचं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिनं गिळलं.

शेवटच्या चढावर गुरूंनी हात पुढे केले. "बाळाला दे इकडे. दगड निसरडे आहेत." तिनं दिलं, पण सूचनांसकट: मान सांभाळा, कुंची डोळ्यांवर येऊ देऊ नका, आणि कडेपासून लांब उभे राहा.

"लहानपणी मीही बाळच होतो, बाई," गुरू म्हणाले.

ती पुढे झाली आणि थबकली. जमीन संपली होती. खाली दरीभर ढग चुलीवरच्या दुधासारखे वर चढत होते आणि कड्याच्या ओठाशी येऊन थांबत होते. माणसाचा आवाज नव्हता. गवताच्या पात्यावरून निथळणारं पाणी तेवढं ऐकू येत होतं. आणि समोर, त्या शुभ्र अथांगात, तिची सावली उभी होती. मस्तकाभोवती तांबडं, पिवळं, हिरवं, जांभळं असं पूर्ण वर्तुळ. तिचे हात आपोआप जोडले गेले. कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच तिच्या मनात कसलीही काळजी नव्हती.

मग तिची नजर शेजारी गेली. थोड्या अंतरावर गुरूंची सावली होती, त्यांच्या खांद्याशी बाळाची इवलीशी. भोवती काही नाही. नुसतं करडं.

"गुरुजी, बाळाला नाही."

"काय नाही?"

"वलय. ते माझ्याच भोवती आहे. मी सारखं माझं माझं करते, म्हणून तर नसेल ना?"

"तुझ्याभोवती? मला तर तुझी सावली कोरीच दिसते. वलय माझ्या डोक्याभोवती आहे. या वयात बरं वाटलं."

गुरू आपली समजूत घालताहेत, असं तिला वाटलं. ती एक पाऊल सरकली. वलयही सरकलं, तिच्याच मस्तकाबरोबर. ती गुरूंकडे पाहत राहिली.

तेव्हा गुरू म्हणाले, "जो पाहतो, त्याला ते स्वतःच्याच सावलीभोवती दिसतं. देवकड्यावर आया बाळाला गालाशी धरून उभ्या राहतात. आईच्या वलयात बाळ मावतं, आणि सगळ्या समाधानानं घरी जातात. पण ते वलय आईचं असतं. दगड निसरडे होते हे खरं, तरी मी याला मुद्दाम तुझ्यापासून वेगळं उभं केलं. लेकराचं वलय आईला कधीच दिसत नाही, बाई. म्हणून ते नसतं असं नाही. तू त्याला कड्यापर्यंत आणायचं, एवढंच. नावाजलेल्या जागी जो तो आपलं पाहून परततो. तुला काय दिसलं, असं शेजाऱ्याला विचारता येईल एवढी शांतता आडवाटेलाच मिळते."

बाळानं एकाएकी हुंकार दिला. ते ढगांकडे टक लावून पाहत होतं. मग त्यानं दोन्ही हात पसरले, दरीतल्या नेमक्या त्या जागेकडे, जिथे तिला नुसतं करडं दिसत होतं.

त्याला जवळ घ्यावं म्हणून तिचे हात उचलले गेले होते. ते तिनं हळूच खाली घेतले, आणि जिथे होती तिथेच उभी राहिली.