आयसिंगच्या खाली

"यात कमी काय आहे, तेवढं तरी सांगा, बाई."

तबितानं हे दुसऱ्यांदा विचारलं. ओहोळबाई टेबलावरच्या केककडे बघत होत्या. बघून झालं होतं, तरी बघतच होत्या.

केक दोन मजली होता. पांढराशुभ्र. खालून वर वळत जाणारी गुलाबांची वेल, सगळी साखरेची. हा नुसता नमुना होता. खरा केक तीन मजली व्हायचा होता, बारा दिवसांनी, सुवार्ताच्या लग्नात.

सुवार्ता आणि तबिता एकाच वसतिगृहात वाढलेल्या, एकाच खोलीत सात वर्षं. ओहोळबाई तिथं मेट्रन होत्या. आता निवृत्त होऊन भिंगारला दोन खोल्यांत राहायच्या. त्यांच्या हातचा फळांचा केक त्या भागातल्या कितीतरी लग्नांत कापला गेला होता. तबितानं आयुष्यातलं पहिलं अंडं फेटलं ते बाईंच्या देखरेखीखाली, तेराव्या वर्षी.

आता ती तिशीची होती आणि नगरमध्ये तिचं नाव झालं होतं. बाहुलीचा केक, क्रिकेटच्या मैदानाचा केक. एका वकिलांच्या साठीला तिनं कायद्याची जाडजूड पुस्तकं रचलेला केक केला, तेव्हा वकीलसाहेबांनी वरचं पुस्तक उघडायला हात पुढं केला होता. ही गोष्ट ती दर नव्या गिऱ्हाइकाला सांगायची.

बाईंना मात्र तिनं ती तीनदा सांगितली होती, आणि तिन्ही वेळा बाई फक्त "हं" म्हणाल्या होत्या.

"फुलांना किती वेळ लागला?" बाईंनी आता विचारलं.

"दोन दिवस. एकेका गुलाबाला चौदा पाकळ्या आहेत."

"हं..."

बाई उठल्या. आत गेल्या. येताना हातात उलथनं होतं. ते त्यांनी केकशेजारी ठेवलं.

"काढ."

"काय काढू?"

"वरचं."

तबिताला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तिनं बाईंकडे पाहिलं. बाई खुर्चीत बसून पदरानं चष्मा पुसत होत्या.

तिनं उलथनं उचललं. पहिला गुलाब तिनं अलगद सोडवून ताटात ठेवला. मग मात्र तिनं रागानंच खरवडलं, भराभर, भिंतीचा जुना रंग काढावा तसं.

खालून केक निघाला. मधोमध बसलेला. तो खड्डा तिनं आयसिंग भरून सपाट केला होता. कडेनं चिरा गेल्या होत्या, त्याही तशाच लिंपल्या होत्या. कापून पाहिलं तर मनुका सगळ्या तळाशी जाऊन बसलेल्या.

बाईंनी खड्ड्यात बोट घातलं. पहिल्या पेरापर्यंत गेलं. बोट काढून त्यांनी पदराला पुसलं.

"चहा घेशील?" त्यांनी विचारलं.

तबितानं चहा घेतला नाही.

स्कूटरवरून घरी येताना ती वाटभर मनातल्या मनात भांडत होती. खड्डा कोणाच्या केकला पडत नाही? तो भरण्यासाठीच तर आयसिंग असतं. बाईंच्या केकवर आयुष्यात कधी एक फूल नव्हतं, वर पिठीसाखर भुरभुरली की झालं. साधेपणाचा मोठा तोरा. आता कोणी त्यांना केक सांगत नाही, म्हणून दुसऱ्याचा बघवत नाही... असं सगळं तिनं मनात म्हणून घेतलं. त्यानं बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

घरी पोचते तर सुवार्ताचा फोन. नवऱ्याकडची मंडळी पुण्याची. मुलाच्या आत्यांनी एका बड्या दुकानातला पाच मजली केक पसंत करून ठेवला होता, आणि घरगुती केकचं नाव काढल्यावर नाक मुरडलं होतं. तेव्हा सुवार्तानं सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की केक तबिताच्या हातचाच, नाहीतर केकच नको. आत्या गप्प झाल्या. हे सुवार्ता हसत हसत सांगत होती.

तबिताची छाती भरून आली. आपल्यासाठी कोणी असं भर बैठकीत उभं राहिलं, याचा अभिमान कोणाला वाटणार नाही?

आणि लगेच तिला बाईंचं बोट आठवलं. पहिल्या पेरापर्यंत गेलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिनं मैदा चाळायला घेतला.

मनुका मैद्यात घोळवून मग मिश्रणात टाकायच्या, म्हणजे त्या बुडत नाहीत, हे बाईंनी तेराव्या वर्षी शिकवलं होतं. तिनं ते कधी सोडलं हे तिला आठवेना. केकच्या रंगासाठी साखर जाळताना ती फोनवर बोलत असे, ते बंद केलं. साखर तांबूस होऊन धूर सोडण्याच्या बेताला आली की गरम पाणी घालायचं. तो क्षण अगदी एवढासा असतो.

तरी पहिला केक बसला. दुसराही.

तिसऱ्या वेळी तिनं स्वतःलाच चोरासारखं पकडलं. केक फुगत असताना ती ओव्हनचं दार उघडून बघत होती. एकदा नाही, तीनदा. कसा दिसतोय, छान फुगलाय ना, एवढंच बघायला. प्रत्येक वेळी गार हवा आत जात होती.

चौथा केक ओव्हनमध्ये ठेवून ती घराबाहेर पायरीवर जाऊन बसली. आत जाण्याची इतकी ओढ लागली की तिनं पायरीवरचं गवत उपटायला घेतलं. तो केक मधे बसला नाही, पण एका बाजूला कलला. पाचवा कडेनं करपला. शेजारीपाजारी आठवडाभर केक खात होते आणि तिला दुवा देत होते.

सहावा केक निघाला.

कडेपासून मध्यापर्यंत एकसारखा. गडद तपकिरी. वरून चीर नाही, खळगा नाही. तिनं त्यावर तळवा ठेवला. ऊब होती, आणि दाबलं की तो हळूच परत वर येत होता. कापला, तर मनुका खालपासून वरपर्यंत सगळीकडे सारख्या विखुरलेल्या.

ती तिथंच स्टुलावर बसली आणि बराच वेळ नुसती बघत राहिली. वकीलसाहेबांनी हात पुढं केला होता तेव्हाही तिला असं वाटलं नव्हतं.

तसाच आणखी एक केक करून दुसऱ्या दिवशी ती बाईंकडे गेली. या वेळी डब्याचं झाकण तिनं सावकाश उघडलं.

बाईंनी केक हुंगला. बोटानं टकटक केलं. मग सुरी मागितली, एक काप घेतला आणि पूर्ण खाल्ला. ताटलीतला चुरा बोटाच्या टोकानं टिपला.

तबिता वाट बघत होती. मग तीच बोलायला लागली. म्हणाली, मला कळलं बाई तुम्हाला काय सांगायचं होतं. ज्याला काही झाकायचं असतं त्याला फुलं लागतात. मी तीनही मजले असेच नेणार आहे. वर पिठीसाखरसुद्धा नको. पुण्याच्या लोकांनाही बघू दे खरा केक कसा असतो. सुवार्तालाही मी तसं कळवून टाकलंय.

बोलताना तिची मान ताठ झाली होती. तिच्या ते लक्षात आलं नाही.

बाईंनी शेवटचा चुरा तोंडात टाकला.

"फुलं कुठं आहेत?"

"अहो, तुम्हीच म्हणालात ना काढ म्हणून."

"काढ म्हणाले. लावू नको कधी म्हणाले?"

तबितानं डब्याचं झाकण उचललं, परत ठेवलं.

"लग्न आहे, तबिता. लग्नाला कोणी उघडंवाघडं जातं का?"

तबिता गोंधळली. इतकी, की तिचा आवाज चढला. ती म्हणाली, तुमच्या केकवर कधी एक फूल नव्हतं. आम्ही मुली त्याचं केवढं कौतुक करायचो, बाईंचा केक बाईंसारखाच साधा म्हणून. मी इतकी वर्षं तेच मनात धरून...

"मला येत नव्हती," बाई म्हणाल्या.

"काय येत नव्हतं?"

"फुलं. फार हौस होती. जमलीच नाहीत."

बाहेरच्या रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला.

मग बाईंनी तबिताची पिशवी स्वतःकडे ओढली. तिच्यात आयसिंगची पिशवी, नळ्या, सगळं असायचंच. त्यांनी ते टेबलावर मांडलं, बाह्या सारल्या आणि म्हणाल्या, "दाखव. कसं करतेस?"

तबितानं त्यांच्या हातात आयसिंगची पिशवी दिली, वरून आपला हात धरला. मनगट असं फिरवायचं, पाकळी आधीच्या पाकळीच्या मागून सुरू करायची. वसतिगृहात बाई जशा तिचा हात धरून अंडं फेटायला शिकवायच्या, तसंच. त्यांचा गुलाब फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा झाला. त्यांनी तो सगळीकडून निरखला, हसल्या आणि खाऊन टाकला.

"तू कर," त्या म्हणाल्या.

तबितानं केला. चौदा पाकळ्या. बाई श्वास रोखून बघत होत्या. त्यांच्या तोंडावर असा भाव तिनं कधी पाहिला नव्हता. लहान मुलगी जादूचा खेळ बघते तसा.

निघताना मात्र तबिता दारात थांबली. मनात एक गोष्ट सलत होती, ती विचारल्यावाचून राहवेना.

"पण मग खालचं कोणाला दिसणार, बाई?"

"कोणाला दाखवायचंय?"

तबितानं स्कूटर सुरू केली. ती घरी आली.

लग्नाआधीचे चार दिवस तिच्या घरात उभं राहायला जागा नव्हती. तीन मजले, शिवाय पाहुण्यांना वाटायला सहा मोठे ट्रे. एकाही वेळी तिनं ओव्हनचं दार उघडलं नाही. एक ट्रे जरा बसल्यासारखा झाला. तो आयसिंगखाली सहज खपला असता. तिनं तो शेजाऱ्यांना दिला आणि नवा केला. मग त्या सगळ्या तपकिरी, सपाट, देखण्या केकवर तिनं स्वतःच्या हातानं पांढरा थर चढवला. शेवटचा तपकिरी तुकडा झाकला गेला तेव्हा तिला जरा वाईट वाटलं. आणि मग तिनं गुलाब केले. यापूर्वी कधी केले नव्हते असे.

चर्चमधला विधी आटोपून वऱ्हाड हॉलमध्ये आलं, आणि केकभोवती गर्दी झाली. बायकांनी फोन काढले. पुण्याच्या आत्या पुढं आल्या, चष्मा सारखा केला, एका पाकळीला अगदी हळू नख लावून बघितलं आणि म्हणाल्या की त्या दुकानात हे असलं काम होत नाही. सुवार्ता नववधूच्या पांढऱ्या साडीत उभी होती. तिनं तबिताचा हात धरून तिला पुढं ओढलं आणि आत्यांना सांगितलं, "ही ती." तिचा चेहरा असा फुलला होता, जणू ते गुलाब तिनंच केले होते.

तबिताला हे सगळं हवं होतं. मिळत होतं, तेव्हा तिनं ते पोटभर घेतलंही. पण जो तो फुलांबद्दल बोलत होता. तिचे कान दुसऱ्याच कशाची तरी वाट बघत होते.

सुवार्ता आणि तिच्या नवऱ्यानं केक कापला. सुरी खालपर्यंत सरळ गेली. ते फक्त तबितानं पाहिलं. मग ताटल्या फिरल्या, आधी वडीलधाऱ्यांना, मग मागच्या रांगांना.

आणि हॉलमधली बडबड हळूहळू खाली बसली.

इतक्या मोठ्या हॉलमध्ये तीनशे माणसं, आणि चमच्यांचा आवाज ऐकू येत होता. फुलांचं बोलणंही थांबलं. आत्या मान खाली घालून बसल्या होत्या. कोणी तबिताकडे बघेना. साखर जास्त जळली का? संत्र्याची साल कडू लागली? एका ट्रेमध्ये काही राहून गेलं?

ओहोळबाई भिंतीशी एका खुर्चीत बसल्या होत्या, मांडीवर ताटली. तबिता वाट काढत त्यांच्याकडे गेली आणि त्यांच्या खुर्चीशेजारी उकिडवी बसली.

"बाई... फुलांबद्दल सगळे बोलले. खालच्या केकबद्दल कोणी एक शब्द काढत नाही."

बाई चावत होत्या. त्यांनी बोट वर केलं, थांब म्हणून. घास गिळला. हॉलवरून एकदा नजर फिरवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"काढणार कसा?" त्या म्हणाल्या. "केक तोंडात आहे."